वल्ही कोणाची, समुद्र कोणाचा?

दरवर्षी डिसेंबर महिन्यात आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा या स्पेनच्या ताब्यातील बेटावरून काही छोट्या नौका अटलांटिक महासागरात उतरतात. त्यांना शीड नसते, यंत्र नसते. केवळ वल्ह्यांच्या बळावर सुमारे ३००० मैलांचे अंतर तोडून त्या कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेट गाठतात. दोन तास वल्हवायचे, दोन तास पडायचे, हा क्रम रात्रंदिवस महिना-दोन महिने, काहींचा त्याहूनही अधिक काळ चालतो. या शर्यतीच्या निमित्ताने बहुतेक संघ देणग्या गोळा करतात. त्यांतील काही संघ सागरी जीवसृष्टीच्या संवर्धनासाठी निधी उभारतात.

या साहसाची टवाळी करण्याचा येथे हेतू नाही. तळहात सोलवटून घेऊन परक्यासाठी पैसे मिळवणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटला पाहिजे. शिवाय या परंपरेचे मूळ श्रीमंतांच्या क्रीडामंडळात नाही. १८९६ साली वल्ह्यांवर अटलांटिक पार करणारे पहिले दोघे, जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएल्सन, हे नॉर्वेहून अमेरिकेत आलेले आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपले काढून पोट भरणारे कष्टकरी होते. आज मात्र शर्यतीची नौका, शुल्क, शिधा आणि सामग्री यांचा खर्च कित्येक लाख रुपयांच्या घरात जातो आणि तो पुरस्कर्त्या कंपन्यांकडून मिळवावा लागतो. खुद्द ही शर्यतच काही वर्षे एका स्कॉटिश व्हिस्कीच्या नावाने ओळखली जात होती.

प्रश्न साहसाचा नाही. ज्या पाण्यातून ही वल्ही चालतात, त्याच पाण्यात दुसऱ्याही होड्या असतात. सेनेगल, गांबिया आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यांवरून लाकडी मासेमारी होड्या माणसांनी खच्चून भरून कॅनरी बेटांकडे निघतात. २०२४ या एका वर्षात ४६ हजारांहून अधिक माणसे अशा प्रवासाने त्या बेटांवर पोचली. किती बुडाली याचा पक्का हिशेब कोणाजवळही नाही. यंत्र बंद पडले किंवा वाट चुकली, की होडी प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे वाहत जाते. २०२१ च्या मे महिन्यात टोबॅगो बेटाजवळ मॉरिटानियाची अशीच एक होडी सापडली. तिच्यात डझनाहून अधिक मृतदेह होते. जे वारे आणि जे प्रवाह स्पर्धकांना अँटिग्वाच्या स्वागतसमारंभाकडे नेतात, त्यांनीच या होडीलाही महासागरापार नेले. एका होडीची वाट टाळ्या पाहत होत्या; दुसरीची वाट कोणीच पाहत नव्हते.

ही माणसे घर का सोडतात? कारणे अनेक आहेत, आणि मालीमधील युद्धापासून जीव वाचवून पळणारेही त्यांत आहेत. पण सेनेगलच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराला विचारले तर तो समुद्राकडे बोट दाखवील. युरोपच्या आणि चीनच्या महाकाय जहाजांनी आणि स्थानिक अनिर्बंध मासेमारीने तेथील मासळी ओरबाडली आहे. गरिबाच्या ताटातील तारलीच्या जातीची मासळी कारखान्यांत दळून तिची भुकटी होते आणि परदेशांतील मत्स्यशेतीला खाद्य म्हणून जाते. युरोपीय संघाचा सेनेगलशी असलेला मासेमारीचा करार २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संपला. पण त्यापूर्वी कित्येक वर्षे पैसे मोजून हे पाणी उपसण्याचा परवाना विकत घेतला गेला होता. अर्थात, समुद्राचा ऱ्हास आणि माणसाची परागंदा अवस्था या दोन स्वतंत्र समस्या नव्हेत. एकाच लुटीची ती दोन तोंडे आहेत.

आता देणगीचा हिशेब मांडून पाहावा. मासेमारीची ताकद वाढवणारी, म्हणजेच समुद्र रिकामा करणारी, जी अनुदाने जगातील सरकारे देतात ती २०१८ साली सुमारे २२ अब्ज डॉलर होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एका हाताने सरकारी तिजोरीतून अब्जावधी देऊन समुद्र उपसायचा आणि दुसऱ्या हाताने वल्हेकऱ्याच्या झोळीत चार नाणी टाकून त्याचे संवर्धन करायचे, हा व्यवहार दात्याच्या मनाला समाधान देईल. समुद्राला मासळी देणार नाही. देणगी कोठे खर्चावी हे दाता ठरवतो. हक्काचे तसे नसते. म्हणून संवर्धनाचा प्रश्न अखेर कायद्याचा आणि सत्तेचा प्रश्न ठरतो.

हे एका वल्हेकरी स्त्रीनेच दाखवून दिले आहे. रॉझ सॅव्हेज यांनी २००६ साली याच मार्गाने अटलांटिक एकटीने पार केला आणि पुढे पॅसिफिक आणि हिंदी महासागरही ओलांडले. पर्यावरणाविषयी लोकजागृती हा त्यांचा हेतू होता. पण तीन महासागर वल्हवूनही जे साधत नव्हते त्यासाठी त्यांना राजकारणात उतरावे लागले. २०२४ साली त्या ब्रिटिश संसदेत निवडून आल्या आणि त्यांनी हवामान व निसर्ग यांसंबंधीचे विधेयक मांडले. जानेवारी २०२५ मध्ये त्यावरील चर्चा तहकूब झाली. संसदेतील हे वारे महासागरातल्या वाऱ्याहून कठीण असते. पण खरी लढाई तेथेच आहे.

हा धडा आपल्याला नवा नाही. गोव्यातील रापणकारांनी १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रस्त्यावर येऊन लढा दिला, तेव्हा त्यांनी कोणाकडे देणगी मागितली नव्हती. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी होती. गोव्याचा मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. पण कायदा झाला म्हणजे काम संपत नाही. प्रखर दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तरी तिच्या अंमलबजावणीसाठी कोकणच्या पारंपरिक मच्छीमारांना पुनःपुन्हा आवाज उठवावा लागला आहे.

ज्यांचे पोट समुद्रावर आहे तेच त्याचे पहिले राखणदार होत. वल्ही हाती घेऊन महासागर पार करणाऱ्यांना आपण जरूर नमस्कार करावा. मात्र किनाऱ्यावर परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या दात्यांनी आपापल्या सरकारांना एक प्रश्न विचारावा: तुमची जहाजे कोणाच्या पाण्यात मासळी पकडीत आहेत, आणि कोणाच्या पैशाने? हा प्रश्न विचारला गेला नाही, तर जमलेल्या निधीची पावती तेवढी उरेल आणि टोबॅगोच्या वाटेने आणखी होड्या वाहत जातील.