रसेलचा न्हावी आणि फ्रेगेची फरफट
१/ ‘गावात एकच न्हावी. जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सर्वांची, आणि केवळ त्यांचीच, दाढी तो करतो. मग त्याची दाढी कोण करतो? या एका कोड्याने गणिताचा पाया कोसळला आणि बिचारा फ्रेगे उद्ध्वस्त झाला.’ रसेलच्या विरोधाभासाची ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे, अनेकांनी पुढेही पाठवली आहे. रंजक आहे, यात शंका नाही. परंतु इतिहास म्हणून ती जवळजवळ प्रत्येक वाक्यात चुकते.

२/ आधी न्हावी. स्वतःची दाढी करतो म्हणावे तर करत नाही, करत नाही म्हणावे तर करतो. याचे उत्तर एका ओळीचे आहे: असा न्हावी असूच शकत नाही. तो आहे, हे केवळ गोष्ट सांगणाऱ्याने सांगितले. त्याचे म्हणणे नाकारले की कोडे संपले. खुद्द रसेलने १९१८ सालच्या व्याख्यानांत सांगितले आहे की हे रूप आपल्याला कोणीतरी सुचवले होते आणि ते मूळ विसंगतीचे योग्य रूप नव्हे. तरीही आम्ही ते त्याच्याच नावावर खपवतो!

३/ मग मूळ विसंगती कोणती? येना येथे अध्यापन करणाऱ्या गोटलोब फ्रेगेला दाखवायचे होते की संपूर्ण अंकगणित निव्वळ तर्कशास्त्रातून निष्पन्न होते. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली आला. त्या व्यवस्थेत प्रत्येक संकल्पनेला तिची व्याप्ती असते, म्हणजे त्या संकल्पनेखाली येणाऱ्या वस्तूंचा जणू संच. दोन संकल्पनांखाली नेमक्या त्याच वस्तू येत असतील तर, आणि तरच, त्यांची व्याप्ती एक, हा त्याचा पाचवा मूलनियम. वाचताना कोणालाही खटकू नये इतका निरुपद्रवी.

४/ १६ जून १९०२ रोजी रसेलने पत्रातून विचारलेल्या प्रश्नाचा गाभा असा: जे संच स्वतःचेच घटक नाहीत, त्या सर्वांचा संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे का? होय म्हटले तर नाही, नाही म्हटले तर होय. इथे ‘असा संच नाही’ म्हणून सुटका करून घेता येत नव्हती, कारण तो आहे हे फ्रेगेच्याच नियमांतून सिद्ध होत होते. सारा पेच या एका ठिकाणी आहे, आणि न्हाव्याच्या गोष्टीत नेमका तोच गळून पडतो.

५/ फ्रेगेचे उत्तर २२ जूनचे, म्हणजे सहा दिवसांत. दुसरा खंड छापखान्यात होता. आपल्याला जबर धक्का बसला हे त्याने लपवले नाही, पण या शोधामुळे तर्कशास्त्राची मोठी प्रगती होऊ शकेल, हेही त्याच पत्रात लिहिले. १९०३ साली खंड निघाला तेव्हा त्याला जोडलेल्या पुरवणीत विसंगती रसेलच्या नावानिशी मांडलेली होती. तिथे सुचवलेली डागडुजी मात्र टिकली नाही.

६/ यात ‘गणित कोसळले’ कुठे? लेबेगने आधुनिक समाकलनाचा पाया घालणारा प्रबंध सादर केला तो १९०२ सालीच. गॉटिंगेनमध्ये त्सेर्मेलोला हीच विसंगती स्वतंत्रपणे सापडली होती, आणि त्याने ती छापण्याचीही घाई केली नाही. कोसळली ती एक विशिष्ट व्यवस्था. १९०८ साली त्सेर्मेलोने नियम घातला की आधी हाती असलेल्या संचातूनच गुणधर्म लावून घटक निवडावेत. त्यानंतर कुठे रसेलच्या संचाविषयी ‘तो नाहीच’ असे म्हणण्याचा अधिकार मिळाला. न्हाव्याबाबत जे फुकट मिळते, ते इथे नवे मूलनियम रचून मिळवावे लागले.

७/ फ्रेगे मुका झाला नाही. ‘विचार’ या विषयावरील त्याचा प्रसिद्ध निबंध १९१८ सालचा आहे. (त्याला संतही करू नका. १९२४ सालच्या त्याच्या दैनंदिनीत ज्यूद्वेष आहे.) आणि त्याचे काम वाया गेले म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अंकगणित उभारताना पाचवा नियम त्याने मुख्यतः एका पायरीसाठी वापरला होता: दोन संकल्पनांखालील वस्तूंची एकास एक जोडी लागत असेल तर, आणि तरच, त्यांची संख्या समान. क्रिस्पिन राइटने १९८३ साली दाखवले की ही पायरीच मूलनियम मानली, तर अंकगणिताचे मूलभूत नियम तिच्यातून निघतात. आणि त्या व्यवस्थेत रसेलची विसंगती उद्भवत नाही.