शाळेचे एक वर्ष कोणाचे कापावयाचे?

मुलाने अठरा वर्षांचे होईपर्यंत शाळेच्या बाकावर बसावे काय, हा पालकांचा प्रश्न अनाठायी नव्हे. ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला एका वर्षाची किंमत आम्ही सांगावयास नको. वडीलधारी मंडळीही म्हणतात की, आमची शाळा अकरावीला संपे, त्यात आमचे काय अडले? गोपाळ कृष्ण गोखले तर १८८१ साली मॅट्रिक झाले आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पदवीधर. उदाहरणे खरी आहेत. त्यांवरून शाळा सरसकट लवकर संपवावी हा काढलेला निष्कर्ष मात्र आम्हास मान्य नाही.

इतिहास काय सांगतो? मुदलियार आयोगाने १९५३ साली अकरा वर्षांची उच्च माध्यमिक शाळा सुचविली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहा, दोन व तीन असा आकृतिबंध मांडला. महाराष्ट्रात १९७५ साली शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली. परीक्षेचे वय एका वर्षाने उतरले. परंतु पूर्वी शाळेची अकरा व महाविद्यालयाची चार मिळून जी पंधरा वर्षे होत, ती पंधराच राहिली. वर्ष वाचले नाही, केवळ त्याची जागा बदलली.

जर्मनीतील बव्हेरिया राज्याने २००४ साली 'जिम्नॅशियम' शाळेचा अभ्यासक्रम नऊ वर्षांवरून आठ वर्षांवर आणला. विद्यार्थ्यांवरील ताण व पालकांचा विरोध पाहून २०१७ साली नऊ वर्षे पुन्हा आणण्याचे ठरले. सुसज्ज शाळांच्या देशाची ही गत, तर आपली काय होईल?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. पलीकडे गोंदियाचे मराठी मूल घरच्या भाषेत अक्षर गिरविते. अलीकडचे मूल, मग ते मराठी बोलणारे असो, पोवारी वा गोंडी बोलणारे असो, हिंदी पुस्तकाने आरंभ करते. विषय समजण्यापूर्वी त्याला भाषा समजून घ्यावी लागते. जे मूल मागून निघाले, त्याचेच एक वर्ष कापावयाचे, हा कोणता न्याय? भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे सांगणारा ३५०क हा अनुच्छेद त्याच १९५६ साली राज्यघटनेत आला. वर्ष वाचवावयाचे असेल तर ते तेथे, पहिल्या इयत्तेत वाचेल.

शिवाय सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला मुलगा जाणार कोठे? भरवेलीची मँगनीज खाण असो वा मलाजखंडची तांब्याची, प्रशिक्षणार्थी वगळता अठरा वर्षांखालील मुलास खाणीत कामावर घेण्यास कायद्याची मनाई आहे. वैद्यकीय प्रवेशास सतरा वर्षे पूर्ण लागतात. मुलीची गोष्ट तर याहून गंभीर. शाळा सुटली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. विवाहाचे किमान वय कायद्याने अठरा ठरविले आहे. पण त्या वयापर्यंत तिला खरा आधार शाळेच्या बाकाचाच असतो. तो काढून घेऊन आपण तिला काय देणार?

ज्याची झेप मोठी, त्याला कोणी अडविलेले नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण होताच दहावीस व पंधरा पूर्ण होताच बारावीस बसता येते. असामान्यांसाठी ही वाट पुरेशी आहे. तिच्यासाठी सर्वसामान्यांचा रस्ता तोडण्याचे कारण नाही.

तात्पर्य, शाळा केव्हा संपते, एवढेच विचारून भागणार नाही. पहिल्या दोन वर्षांत मुलाला वाचावयास आले काय, गणिताला शिक्षक आहे काय, दहावीनंतर गावाजवळ वर्ग आहे काय, हे बालाघाटच्या पालकांनी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. रिकामे गेलेले वर्ष भरून काढणे आपल्या हाती आहे. कापून टाकलेले वर्ष मात्र परत येत नाही.