ठिकाण बरोबर ओळखलं, तरी व्हिडिओ खोटा असू शकतो

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जगात कुठेतरी विमान न्यायचं, खालच्या जमिनीचा स्क्रीनशॉट काढायचा आणि ग्रुपवर टाकून विचारायचं, ‘ओळखा पाहू, हे कुठलं?’ खेळ जिओगेसरसारखाच, फक्त इथे दुकानांच्या पाट्या नाहीत की गाड्यांच्या नंबरप्लेट नाहीत. मला तो आवडतो. पण आज विषय काढण्याचं कारण वेगळं आहे. युद्धाच्या व्हिडिओंची खातरजमा करणारे लोक हेच कौशल्य वापरतात, आणि हे सिम्युलेटर त्यांचं काम अवघड करू शकतात.

ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ने बिंग मॅप्सची उपग्रह आणि हवाई छायाचित्रं जवळपास अख्ख्या जगावर अंथरली. म्हणजे स्क्रीनवर दिसणारी शेतं, नद्या, रस्ते हे खरोखरचे फोटो आहेत. म्हणून तर ओळखता येतं! अमेरिकेने १७८५ पासून नवी जमीन एक मैल बाजूच्या चौकोनांत मोजायला घेतली, त्या चौकटी कान्सासवर आजही दिसतात आणि त्यांच्या आत फिरत्या फवाऱ्यांनी भिजणारी गोल शेतं. कॅनडात क्वेबेकला सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने लांबट, अरुंद पट्टे दिसतात, कारण फ्रेंच वसाहतीच्या काळात प्रत्येकाला नदीचा काठ हवा होता. ब्राझीलच्या रोंडोनियात जंगलतोड माशाच्या काट्यासारखी पसरलीय. आणि लहान, वेड्यावाकड्या बांधांची शेतं नि मधेच प्लास्टिक अंथरलेलं चौकोनी शेततळं दिसलं, तर मी आधी महाराष्ट्राचा अंदाज बांधतो.

जमीन खरी, पण जमिनीवर उभं असलेलं सगळं खरं नाही. काही मोठ्या शहरांत हवाई फोटोंवरून थ्रीडी इमारती बनवल्या आहेत. उरलेल्या जगातल्या बहुतेक इमारती ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क डॉट एआय या कंपनीच्या एआयने फोटोतलं छप्पर बघून अंदाजाने उभ्या केल्या. त्यातून गमती झाल्या. मेलबर्नच्या एका उपनगरात साध्या घरांच्या मधोमध २१२ मजली सुळका उगवला, कारण ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीतरी २ मजल्यांऐवजी २१२ टाइप केलं होतं. मूळ नकाशात चूक सुधारली गेली, पण गेममध्ये जुना डेटा आधीच पोचला होता. लंडनचा बकिंगहॅम पॅलेस सुरुवातीला चक्क ऑफिसच्या इमारतीसारखा दिसत होता.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘घोस्ट ऑफ कीव्ह’ म्हणून फिरलेली क्लिप डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधली निघाली. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी ‘आर्मा ३’ या गेमची दृश्यं खरी म्हणून फॉरवर्ड होत होती. आर्माची अडचण अशी, की त्याचा मुख्य नकाशा आल्टिस हे काल्पनिक बेट आहे, ग्रीसच्या लेमनोसवरून बेतलेलं. दाव्यातल्या शहराशी तिथले रस्ते जुळणारच नाहीत. खऱ्या फोटोंवर चालणाऱ्या सिम्युलेटरमध्ये मात्र ते जुळतात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बॉम्ब टाकता येत नाहीत हे खरं, पण स्फोट आणि धूर नंतर एडिटिंगमध्ये चढवायला कितीसा वेळ लागतो? मग रनवे जुळला, नदीचं वळण जुळलं, म्हणून व्हिडिओ खरा, हा निष्कर्ष माझ्या मते आता पुरेसा नाही.

मी अशा क्लिपमध्ये आधी सावल्या बघतो. मूळ फोटोत छापलेली सावली एकीकडे आणि गेमच्या सूर्याने टाकलेली दुसरीकडे, असं बऱ्याच ठिकाणी सापडतं. रस्त्यावर रंगवल्यासारख्या सपाट गाड्या, पाण्यात बुडालेला पूल, एकाच साच्यातली घरं याही खुणा आहेत. पण व्हॉट्सॲपवर दहा हातांतून आलेल्या अंधुक व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही, आणि खोटं पसरवणारा तो मुद्दाम अंधुक करतो. तेव्हा ‘कुठे’ सोडून ‘कधी’ हा प्रश्न धरायचा. सिम्युलेटरमधला जमिनीचा फोटो बहुधा काही वर्षांपूर्वीचा असतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा टिपतात आणि ती चित्रं कोणालाही फुकट बघता येतात. १० मीटरचा एक ठिपका, त्यामुळे गाडी दिसणार नाही. जळालेला तेलसाठा मात्र ढग नसतील तर दिसतो.