बाकावरची जागा

माझी नात यंदा सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने एकच इंग्रजी पुस्तक तीनदा वाचले, तेव्हा माझे कुतूहल जागे झाले. हातात घेऊन पाहतो तर पानोपानी चित्रे आणि माणसांच्या तोंडाशी फुगे. ‘अगं, हे तर कॉमिक!’ मी म्हणालो. ‘आजोबा, ह्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात,’ तिने मला सुधारले. चार कादंबऱ्या नावावर असलेल्या माणसाला हे जरा लागलेच. ती क्लासला गेल्यावर पुस्तक उघडले आणि संपवूनच उठलो.

‘ऑक्वर्ड’ हे त्याचे नाव. लेखन आणि चित्रे स्वेतलाना चमाकोवा यांची, प्रसिद्धीचे वर्ष २०१५. नव्या शाळेत आलेली पेपी पहिल्याच दिवशी अडखळून पडते, तिच्या वस्तू विखुरतात. जेमी नावाचा एक अबोल मुलगा त्या गोळा करायला धावतो. टारगट पोरे लगेच त्याच्यावरून तिला चिडवू लागतात, तशी पेपी घाबरून त्याला ढकलते आणि पळ काढते. घडते ते एवढेच. पण पुढे कितीतरी पाने ती माफी मागायला धडपडते आणि तिला ते जमत नाही. त्यात ती चित्रकला मंडळात, तो विज्ञान मंडळात, आणि शाळेच्या मेळाव्यात जागा मिळवण्यावरून दोन्ही मंडळांत जुंपलेली!

अमेरिकेत सहावी ते आठवीची शाळा बहुधा वेगळी असते. तिला मिडल स्कूल म्हणतात. प्राथमिक शाळेतला एकच वर्ग आणि एकच बाई हे सुख तिथे संपते. तासागणिक खोली बदलते, सोबती बदलतात, आणि मधल्या सुट्टीत भल्यामोठ्या भोजनगृहात हातात ताट घेऊन उभे राहिले की प्रश्न पडतो, बसायचे कुणाजवळ? या वयावर तिकडे गेल्या काही वर्षांत अशी बरीच पुस्तके निघाली आहेत. रैना टेल्गेमायर यांचे ‘स्माइल’ (२०१०) ही त्यांचीच आठवण. सहावीत असताना पडून पुढचे दोन दात गेले, मग वर्षानुवर्षे दंतवैद्याच्या खेपा, आणि थट्टा करणाऱ्या कोण, तर मैत्रिणीच. शॅनन हेल यांच्या ‘बेस्ट फ्रेंड्स’मध्ये (२०१९, चित्रे ल्युएन फाम यांची) शाळेतली सर्वांत लोकप्रिय मुलगी शॅननची जिवलग मैत्रीण असते. तरी कोणती गाणी ऐकायची, कोणत्या मालिका चांगल्या म्हणायच्या, कुणाशी बोलायचे, याचे गटातले नियम सारखे बदलत राहतात आणि शॅननची नुसती धावपळ होते.

बँकेत मी आयुष्यभर लोकांची पत जोखली. मराठीत ‘पत’ हा शब्द कर्जालाही लागतो आणि माणसाच्या मानालाही. शॅननची गटातली पत ही मागताक्षणी फेडायच्या कर्जासारखी आहे. देणाऱ्याची मर्जी फिरली की वसुली सुरू. असे कर्ज डोक्यावर असलेले व्यापारी मी पाहिले आहेत. त्यांना रात्री झोप नसे. मग अकरा वर्षांच्या मुलीची काय कथा?

हे सांगायला चित्रेच का, असे एखादा वाचक विचारील. एका टेबलाभोवती सगळ्या बसल्या आहेत, एक उभी आहे आणि कुणीही सरकून जागा करत नाही, हे लिहायला मला अर्धे पान लागेल. इथे एक चौकट पुरते. तोंडाने एक आणि चेहऱ्यावर दुसरेच, हेही चित्रात लपत नाही.

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचावा लागे. चित्रांकडे पाहण्याची ती नजर घराघरांतून अजून गेलेली नाही. अमेरिकेत बालसाहित्याचे न्यूबेरी पदक १९२२ पासून दिले जाते. २०२० साली ते प्रथमच एका ग्राफिक कादंबरीला मिळाले. जेरी क्राफ्ट यांची ‘न्यू किड’ ही ती कादंबरी. श्रीमंतांच्या खासगी शाळेत दाखल झालेल्या न्यूयॉर्कच्या एका कृष्णवर्णीय मुलाची ती गोष्ट आहे.

गोट्या आणि फास्टर फेणे हे आमचे जिवाभावाचे सोबती. पण फेणेची झुंज बहुधा शाळेबाहेरच्या बदमाशांशी असे. वर्गातल्या वर्गात मित्र मित्राला कसा टाकतो, हे मला तेव्हा कुठल्या पुस्तकाने सांगितल्याचे आठवत नाही. सांगायला हवे होते, कारण ते मी केले आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी सातवीत होतो. माझे वडील तालुक्याच्या गावी कारकून. पगार थोडा, पण ठरलेला. माझ्या बाकावरच्या मित्राचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. त्याच्या डब्यात लाल मिलोची भाकरी असे. वर्गातल्या चार पुढारी पोरांनी त्याचे नावच ‘मिलो’ ठेवले. एक दिवस त्यांनी मला आपल्या कोंडाळ्यात डबा खायला बोलावले आणि मी दप्तर उचलून गेलो. पुढे एकदा त्याने नेहमीसारखी मला हाक मारली, तेव्हा इतरांबरोबर मीही तेच नाव घेऊन हसलो. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याला कारण दुष्काळ होता, मी नव्हे, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे बजावले. आज त्याचा पत्ताही कुणाकडे नाही.

ही पुस्तके वाचून मुले गटबाजी शिकतील, अशी भीती काही पालकांना वाटते. आम्ही ती कुठल्याही पुस्तकावाचून शिकलो. आता कोंडाळ्याच्या जोडीला व्हॉट्सअॅपचा ग्रुप आला आहे, आणि वाढदिवसाला आपल्याला वगळल्याचे त्याच संध्याकाळी फोटोंवरून कळते. माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या वर्गांतही आडनाव ऐकून बाक बदलतात, वडिलांचा धंदा विचारून मैत्री होते, मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या इंग्रजीला हसतात. हे मराठीत, चित्रांतून, मुलांसाठी कुणीतरी मांडायला हवे. तोवर निदान मुलांच्या हातातली ही पुस्तके हिसकावून घेऊ नयेत. एखादी आपणही वाचावी.

त्या रात्री पुस्तक परत करताना नातीला मी मिलोच्या भाकरीची गोष्ट सांगितली. ती मुकाट्याने ऐकत होती. वर्गात हिला कुणीतरी टाकले असावे आणि म्हणून ती पेपीत गुंतली असावी, असा माझा समज होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘आजोबा, आम्ही एका मुलीला ग्रुपमधून काढलं. मीपण हो म्हटलं.’

मी उपदेश केला नाही. तो अधिकार मला नव्हता. शाळा उघडली त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, ‘आई, आज डब्यात दोन पोळ्या जास्त दे.’ कुणासाठी, ते मी विचारले नाही.