दात गेला, उखळही गेले

चरकसंहितेच्या शारीरस्थानात मानवी शरीरातील अस्थींची संख्या ३६० सांगितली आहे. आधुनिक गणनेशी तो आकडा जुळत नाही. परंतु त्या यादीतील एक नोंद विचार करण्याजोगी आहे. तेथे ३२ दात मोजल्यावर ३२ दंतोलूखले, म्हणजे दातांची उखळे, निराळी मोजली आहेत. आपण मात्र आजही केवळ दातच मोजतो. ते ज्या हाडात रोवलेले असतात, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

सानगडीच्या एखाद्या पानठेल्यापाशी घटकाभर थांबावे. ‘दाढ हलत होती, काढून टाकली, सुटलो,’ असे उद्गार कानी पडतात. बोलणाऱ्याच्या हातात बहुधा खर्ऱ्याची पुडी असते. आपली सुटका झाली, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. वस्तुतः त्याचे नुकसान कितीतरी आधी सुरू झालेले असते आणि दात काढल्यावरही ते थांबत नाही.

हे हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिजाचा. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी. खनिज काठिण्य देते, तंतू चिवटपणा देतात. ओठांच्या व जिभेच्या बाजूंस घट्ट हाडाचे पत्रे, मध्ये जाळीदार हाड आणि दाताच्या मुळाभोवती चाळणीसारखी सच्छिद्र भिंत, अशी त्याची बांधणी असते. या भिंतीत आणि मुळात दोन्हीकडे रुतलेले तंतू दाताला तोलून धरतात व चावताना येणारा दाब झेलतात. त्या तंतूंचा थर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो.

या हाडात पाडकाम आणि बांधकाम अखंड चालू असते. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात, अस्थिजनक पेशी नवे रचतात. रचणाऱ्यांपैकी काही आपणच रचलेल्या हाडात बंदिस्त होऊन अस्थिपेशी बनतात आणि कोठे ताण वाढला, कोठे दुरुस्ती हवी, याची वर्दी देत राहतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चित्र ओळखीचे वाटावे. घसारा आणि गुंतवणूक यांचा मेळ बसला, तरच भांडवल टिकते.

हिरडीच्या कडेला जंतूंचा थर साचून सूज आली की हा मेळ बिघडतो. जंतू हाड खात नाहीत. सुजेने चेतवलेल्या, शरीराच्याच अस्थिभंजक पेशी ते पाडतात. तंबाखू आणि मधुमेह या झिजेला वेग देतात. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येते, त्यामुळे धोक्याची खूणच झाकली जाते. हे सारे बहुधा न दुखता घडते. दात हलू लागतो, तेव्हा भांडवल बरेचसे संपलेले असते. पुढे दात काढला की उखळाला काम उरत नाही आणि वर्षभरात त्या जागी हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. मग कवळीलाही आधार मिळत नाही आणि चावून खाण्याचे पदार्थ एकेक करून ताटातून नाहीसे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तीव्र हिरडीरोगाचे जगात शंभर कोटींहून अधिक रुग्ण आहेत. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. सानगडीहून नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय शंभरावर किलोमीटर दूर आहे. मजुरी बुडवून तेथवर जाणारा माणूस दुखल्यावाचून जाणार नाही, आणि हा रोग तर दुखत नाही. खरी कोंडी येथेच आहे.

ती फोडणे अशक्य नाही. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब, मधुमेह व मुखकर्करोग यांची तपासणी गावपातळीवरील आरोग्य केंद्रांतून व्हावी, असे शासनाचे धोरण आहेच. कर्करोगासाठी तोंड उघडून पाहायचेच आहे. त्याच वेळी हिरडी आणि दात यांमधील खोली खुणांच्या बारीक सळईने मोजावी. ती तीन मिलिमीटरहून अधिक भरली, तर रुग्णाला पुढे पाठवावे. मुळांवरील थर वेळीच खरवडून काढला आणि तंबाखू सुटली, तर झीज बहुधा आटोक्यात येते. गेलेले हाड मात्र पूर्ववत होणे कठीण.

याहून मोठे रोग असताना हिरडीचे कौतुक कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर हेच की, तपासणारा माणूस आणि तपासायचे तोंड समोर असताना या मोजणीचा सीमांत खर्च एका सळईचा व काही मिनिटांचा आहे. उलट दात उपटणे स्वस्त वाटते, ते केवळ त्यापुढचा खर्च गरीब माणूस आयुष्यभर आपल्या ताटातून फेडतो म्हणून. पडलेले दात मोजणारी व्यवस्था आपल्याकडे पुष्कळ काळ चालली. आता उखळे मोजावीत.