गाडी बदला आणि विसरून जा? मला नाही जमणार



"गाडीच होती ना? माणसं सुखरूप आहेत, बस झालं. इन्शुरन्स आहे, नवी घ्या आणि विसरून जा." गेल्या महिन्याभरात हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने "गाडीच" म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. गावाकडून मामा हेच सांगतात, युनिटमधले सांगतात, शोरूमचा सेल्समन तर सांगणारच. सगळे प्रेमाने सांगतात. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते आज आकड्यांसकट लिहितो.

आधी घडलं ते थोडक्यात. पोस्टिंग दुर्गला एनसीसीच्या पीआय स्टाफवर, राहायला भिलाईत टाउनशिपमध्ये. इथले सेक्टर वसले तेव्हा कामगार सायकलने प्लांटला जायचा, त्यामुळे क्वार्टरला मोटारीची जागा नाही. सगळ्यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला, झाडाखाली. मी कॅम्पवर असताना एका रात्री दोन मोटरसायकलींवरून पोरं आली आणि रॉडने आमच्या ओळीतल्या पाच गाड्या फोडून गेली. कुणाशी भांडण नाही, चोरी नाही. आमच्या सहा वर्षांच्या गाडीच्या सगळ्या काचा, बोनेट, दोन दारं, डिकी, बंपर आणि दिवे गेले. घरात बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. मी बाहेर असलो की त्या गाडीवरच घर चालतं.

आता "इन्शुरन्स आहे" म्हणजे काय ते बघू. गॅरेजचं एस्टिमेट १,४६,००० रुपये. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्याच्या कागदावरची किंमत, ३,१०,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तरच गाडी टोटल लॉस धरतात. म्हणजे आमची गाडी मेली नाही, नुसती जखमी झाली. काचेचे ३८,००० पूर्ण मिळाले. पत्र्याच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, म्हणून ५२,००० मधले २०,८०० कापले. प्लास्टिकवर ५० टक्के, तिथे १५,००० गेले. रंगाच्या मटेरियलचे १,५०० आणि सक्तीची वजावट १,०००. बेरीज करा: ३८,३०० रुपये माझ्या खिशातून. झिरो डेप घ्यायचं होतं की, असं म्हणाल. पाच वर्षांपुढच्या गाडीला आमची कंपनी ते देतच नाही.

एवढ्यावर संपत नाही. पाच वर्षं एकही क्लेम नाही म्हणून मला ५० टक्के नो क्लेम बोनस होता. क्लेम केला आणि तो शून्यावर आला. पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० वर जायचं. मूळ ओन डॅमेज प्रीमियम ८,००० धरला आणि तो तेवढाच राहिला, तरी पाच वर्षांत माझे १०,००० जादा जाणार. हा बोनस नीट गाडी चालवणाऱ्याचं बक्षीस म्हणून सांगतात. आमची गाडी तर उभी होती, चालक कॅम्पवर होता! बेफिकिरीने खांबावर गाडी घालणारा आणि ज्याची उभी गाडी दुसऱ्याने फोडली तो, दोघांना एकच शिक्षा. हा नियम बदलायला हवा. एफआयआर असलेल्या तोडफोडीच्या क्लेमला बोनसला हात लावू नये, हे विमा नियामकाने एका परिपत्रकात सांगावं. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे त्यांना तर एक पैसाही नाही. आमच्या ओळीतल्या पाचपैकी दोघे तसे आहेत, त्यातले एक रिटायर्ड प्लांट कर्मचारी.

मग नवी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे सेल्समन मला तीनदा ऐकवून गेला. पण जुनी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी क्लेम हिस्ट्री बघतो आणि भाव पाडतो. कँटीनमधून घ्यावी तर २०१९ च्या नियमाने जवानाला नोकरीत एक आणि निवृत्तीला एक. नोकरीतली ती हीच. म्हणजे बाजारभावाने, पाच वर्षांच्या हप्त्यावर, ज्या पोरांचं नावही मला उच्चारायचं नाही त्यांच्यासाठी मी कर्ज काढायचं!

खरी गोम इथे आहे. मी गुपचूप गाडी बदलली की सगळे सुटतात. पोरं सुटतात, त्यांचे आईबाप सुटतात, ठाण्यातल्या रजिस्टरमधली एक नोंद कमी होते. पुण्यात बिबवेवाडीला फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रात्रीत पन्नासच्या आसपास गाड्या फोडल्या. तिथे अशा आरोपींची धिंड काढतात, लोक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ फिरतो. धिंडीने कुणाची काच बसली? आमच्या छत्तीसगडमध्ये १० जून २०२४ ला बलौदाबाजारला कलेक्टर ऑफिसच्या आवारात शंभराहून जास्त गाड्या जळाल्या. कामासाठी आलेल्या, नोकरीवर असलेल्या साध्या माणसांच्याही त्यात होत्या. बातमी आगीची झाली. हप्ते ज्याचे त्यानेच भरायचे.

कायदा मात्र पूर्वीइतका लंगडा राहिलेला नाही. जुन्या ४२७ कलमात ५० रुपयांच्या नुकसानापासून वरचं सगळं एकाच मापाने मोजायचे, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आलं. वीस हजार ते एक लाखाच्या आतलं नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा त्याच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून आकडा महत्त्वाचा. आमच्या तक्रारीत आधी "वाहन के कांच टूटे" एवढंच लिहिलं होतं. बायको गॅरेजचं एस्टिमेट घेऊन पुन्हा गेली आणि १,४६,००० लिहून घेतल्याशिवाय उठली नाही. (कॅम्पवर शंभर कॅडेट मी सांभाळतो म्हणून लोक कौतुक करतात. खरी उस्ताद घरी आहे.)

पोरं सापडली आहेत. एक अठराच्या आतला. त्याला जेलमध्ये घाला असं मी म्हणत नाही. सतराव्या वर्षाची पोरं मी रोज परेडला उभी करतो, त्यांच्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. पण बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये त्याला समाजसेवेला लावता येतं आणि आईबापांना दंडही करता येतो. मोठ्यांच्या बाबतीत नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९५ आहे. शिक्षा देताना नुकसानभरपाईचा आदेश कोर्ट देऊ शकतं. तो मागावा लागतो, आणि जो नवी गाडी घेऊन विसरून गेला तो मागायला जात नाही.

म्हणून गाडी बदलणार नाही. दारं लागली, रंग झाला, डाव्या दाराची छटा जरा वेगळी दिसते, दिसू दे. पाचही घरांनी मिळून वकील केला आहे. थर्ड पार्टीवाल्या दोघांच्या नुकसानीचा हिशेब अर्जात सगळ्यात वर लिहिला आहे. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, कोर्टात वर्षं जातील. जाऊ देत. माझी बदली झाली तरी दुर्ग स्टेशनला मुंबई-हावडा लाईनच्या गाड्या थांबतात.

जय हिंद.