काडतुसातील गोळीची बैठक

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वऱ्हाडातील शिकारीचे दिवस संपले. तथापि अमरावती-अकोल्याकडील काही जुन्या घरी परवान्याची रायफल व आजोबांच्या वेळची काडतुसे अद्याप जपलेली आढळतात. म्हणून आज त्यांविषयी दोन शब्द.

काडतुसाची अंगे चार: पितळी कोश, बुडाची टोपी, दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. टोपी पेटताच दारूचा वायू होतो. त्याचा दाब दर चौरस इंचास ५०,००० पौंडांच्या घरात जातो. गोळी नेमल्याहून आत दबली तर वायूस जागा अपुरी पडते. बाहेर राहून नळीतील पेचदार खाचांच्या कडांस टेकली तर ती निघतानाच अडते. दोन्हीकडून दाब वाढतो. तेच काडतूस वारंवार भरले-काढले तरी गोळी आत सरकण्याचा संभव असतो.

टोपी चपटी होणे, बोल्ट जड उघडणे ही अतिदाबाची लक्षणे खरी. परंतु ती बार उडाल्यावर दिसतात, आणि तेव्हा गाल दस्त्याशीच टेकलेला असतो! वरणगावास १९६४ साली स्थापन झालेल्या कारखान्यासारख्या ठिकाणी नमुने दाबमापक नळीतून उडवून पाहतात. घरी ते साधन कोठले?

तेव्हा काडतूस सहज आत बसले म्हणजे निर्धोक, असे तरुणांनी मानू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये विनापरवाना काडतूस भरणे गुन्हाच आहे. संशयित काडतूस ठोकू नये, उकलू नये. पोलीस ठाण्यास कळवावे, हेच शहाणपण.